मल्टिकास्ट : अनेक वाहिन्यांचे एक जाळे

मुंबईत केबल टीव्हीच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी संपली. तोपर्यंत गल्लीतल्या केबलचालकाच्या गच्चीवर छत्र्यांची रांग असे आणि वाहिन्या तिथेच एकत्र करून तारेवर सोडल्या जात. पुढे हे काम प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती केंद्रांकडे, म्हणजे हेडएंडकडे गेले. उपग्रहावरून उतरणाऱ्या, फायबरवरून येणाऱ्या आणि स्थानिक स्टुडिओतून निघणाऱ्या वाहिन्या एकाच जाळ्यात घेऊन शहरभर पोहोचवायच्या, हा त्यातला कळीचा प्रश्न होय. त्याचे रूढ उत्तर म्हणजे मल्टिकास्ट.

या पद्धतीची गरज साध्या हिशेबातून कळते. एका वाहिनीला सेकंदाला ४ मेगाबिट लागतात असे धरले आणि क्रिकेटचा सामना एक लाख घरांत पाहिला जात असला, तर प्रत्येक घरासाठी स्वतंत्र प्रत पाठवताना केंद्रातून सेकंदाला ४०० गिगाबिट बाहेर पडावे लागतील. मल्टिकास्टमध्ये केंद्रातून एकच प्रत निघते आणि जिथे वाट फुटते तिथला राउटर तिच्या प्रती काढतो. ज्या फांदीवर कोणी मागणी केलेली नाही, तिकडे काहीच जात नाही. मागणी करणारा आयपीटीव्हीत घरातला सेटटॉप बॉक्स असतो, तर केबलमध्ये विभागीय केंद्रातले क्वाम यंत्र.

ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी विकसित केली. तिचे मूळ मानक ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९२ पासून ‘एमबोन’ या प्रायोगिक जाळ्यावरून परिषदांचे ध्वनी व चित्र प्रक्षेपित होऊ लागले. खुल्या इंटरनेटवर मात्र मल्टिकास्ट कधीच रुजले नाही. ज्या जाळ्याचा मालक एकच आहे तिथे ते बहरले. एमटीएनएलने २००६ मध्ये मुंबई व दिल्लीत आणलेल्या आयपीटीव्हीसारख्या सेवांचा पाया हाच.

वाहिन्या एकाच केंद्रातून निघत असतील तर मांडणी सोपी असते. अडचण सुरू होते ती अनेक उगम एकत्र आणताना. मल्टिकास्टसाठी २२४ ते २३९ ने सुरू होणारे पत्ते राखीव असून त्यांपैकी २३९ चा गट खासगी वापराचा आहे. साहजिकच प्रत्येक पुरवठादार आपापल्या जाळ्यात तेच पत्ते वापरतो. दोन पुरवठादारांच्या दोन वाहिन्या २३९.१.१.१ या एकाच पत्त्यावर आल्या, की मागणाऱ्याला दोन्हींची पॅकेट मिसळून मिळतात आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसू लागतात. पत्ते वेगळे दिले तरी धोका पूर्ण टळत नाही. इथरनेटच्या पातळीवर मल्टिकास्ट पत्त्याचे शेवटचे २३ बिटच उमटत असल्याने ३२ निरनिराळे पत्ते एकच भासतात, २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे त्यातलेच. डीअरिंग यांना हवे तेवढे इथरनेट पत्ते विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून ही काटकसर झाली, असे सांगितले जाते. त्या काटकसरीची किंमत जाळे आखणारे अजून मोजत आहेत.

यावरचा खरा उपाय म्हणजे गटाच्या पत्त्याबरोबर उगमाचाही पत्ता मागणे. २००६ मध्ये मानक ठरलेल्या या पद्धतीसाठी २३२ चा गट राखलेला आहे. ‘ही वाहिनी, पण याच उगमाकडून’ अशी मागणी केल्यावर सरमिसळ होत नाही. जुन्या सेटटॉप बॉक्सना ही भाषा बोलता येत नाही. त्यांच्यासाठी राउटरमध्ये कोणता गट कोणत्या उगमाचा याची यादी ठेवावी लागते.

दुसरी बाब हरवणाऱ्या पॅकेटची. इथे हरवलेले पॅकेट सहसा पुन्हा मागता येत नाही. एका पॅकेटमध्ये १८८ बाइटचे सात तुकडे असतात, ते सातही एकदम जातात. म्हणून महत्त्वाच्या वाहिन्या दोन वाटांनी पाठवतात आणि घेणारे यंत्र आधी पोहोचेल ते पॅकेट स्वीकारते. याचे मानक २०१३ मध्ये आले. अर्थात कागदावर दोन असलेल्या वाटा रस्त्याखाली एकाच चरातून गेलेल्या असल्या, तर एका खोदकामात दोन्ही तुटतात. शिवाय राउटर मल्टिकास्ट पॅकेट आले की उगमाकडे परतीची वाट त्याच बाजूला आहे का हे तपासतो, नसेल तर ते निमूटपणे टाकून देतो. प्रत्येक पुरवठादाराच्या उगमाचा मार्ग राउटरला नीट सांगितला नाही, तर हेडएंडमध्ये उत्तम दिसणारी वाहिनी शहरात पोहोचतच नाही.

सर्वांत फसवा दोष मात्र स्विचमध्ये दडलेला असतो. कोणत्या दाराशी कोणती वाहिनी हवी हे स्विच मागणीचे संदेश ऐकून ठरवतो. तसे न केल्यास सर्व वाहिन्या सर्व दारांवर ओतल्या जातात. पण ‘अजून कोण पाहत आहे?’ असे ठरावीक वेळाने विचारणारे एक यंत्र जाळ्याच्या त्या भागात असावेच लागते. ते नसेल तर सुरुवातीला चित्र स्वच्छ येते, आणि नेहमीच्या मांडणीत २६० सेकंदांनी स्विच ती मागणी विसरतो. चित्र थांबते, वाहिनी बदलून परत आले की पुन्हा चार मिनिटे चालते. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही. जाळे ताब्यात घेण्यापूर्वी वाहिनी न बदलता किमान दहा मिनिटे पडद्याकडे पाहत बसावे लागते.