आईच्या नावाची कादंबरीकार

एलिझाबेथ मॅकिंटॉश हे नाव रहस्यकथांच्या अट्टल वाचकालाही चटकन ओळखू येत नाही. स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या एका फळविक्रेत्याची ही मुलगी, जन्म १८९६ चा. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. आई गेल्यावर वडिलांचं घर सांभाळायला नोकरी सोडून परतल्या. १९२९ साली ‘गॉर्डन डॅव्हियट’ या पुरुषी नावाने त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली. याच नावाच्या ‘रिचर्ड ऑफ बोर्डो’ नाटकाने १९३३ मध्ये लंडन गाजवलं. नायक जॉन गिलगुड. १९३६ च्या दुसऱ्या रहस्यकादंबरीवर मात्र नाव आलं ‘जोसेफिन टे’. जोसेफिन हे त्यांच्या आईचं नाव.

नाटक पुरुषाच्या नावावर, रहस्यकथा बाईच्या! मला ही वाटणी निव्वळ सोयीची वाटत नाही. त्या काळी प्रतिष्ठा कुठे होती, ते तिच्यात दिसतं. पण टिकलं ते आईचंच नाव. १९५१ च्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये इस्पितळात पडून असलेला इन्स्पेक्टर ग्रँट तिसऱ्या रिचर्डवरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप खाटेवरूनच तपासतो. (मागवलेल्या पुस्तकांवर भागवणारा हा गडी माझ्यासारख्या बिनपदवीच्या संशोधकाला घरचाच वाटतो.) १९९० मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने शंभर कादंबऱ्यांच्या यादीत तिला पहिलं स्थान दिलं.

लेखिका १९५२ च्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या.