आचारी की आचार्य? एका दस्तऐवजाची उलटतपासणी

१९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा सुवर्णमहोत्सव होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या दोन वर्षांत मी कळमनुरी, सेनगाव, औंढा या भागांत एसटीनं आणि सायकलवरून हिंडून, रझाकारीच्या काळात चळवळीत असलेल्या बावीस माणसांच्या आठवणी टिपून घेतल्या. पोटापाण्यासाठी मी वसमतच्या हळद बाजारात आडतीवर दिवाणजी. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही, आणि संगणकाचं तर त्याहून नाही. त्या आठवणींची स्मरणिका काढायची ठरली, एका डीटीपीच्या दुकानात चौसष्ट पानं लागलीही. पण छपाईचे पैसे जमले नाहीत. पुढं एका पावसाळ्यात वह्या वाळवीनं खाल्ल्या. बावीसांपैकी आज एकही हयात नाही. उरल्या त्या तीन फ्लॉपी, प्रत्येकी १.४४ एमबीच्या.

२०१४ मध्ये त्या उघडण्याचा योग आला. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी होती. नकाशांच्या जागी रिकाम्या चौकटी, आणि कोष्टकातले रकाने एकमेकांत घुसलेले. मजकूर परत मिळवण्याच्या त्या खटपटीतून हा लेख झाला. त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

आधी फाइल म्हणजे काय हे पाहू. स्मरणिकेच्या त्या फाइलमध्ये मजकूर होता, बावीस जणांची नावं, गावं आणि व्यवसाय यांचं कोष्टक होतं, हातानं काढलेले नकाशे होते, आणि हे सगळं पानावर कुठं बसवायचं याच्या सूचना होत्या. अशा एकत्र बांधलेल्या ऐवजाला मी संमिश्र दस्तऐवज म्हणतो. तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेला तर तसाच पोहोचेल का, हा प्रश्न जगाला माझ्या आधी बराच काळ पडलेला होता. १९८० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा संगणक आपापली भाषा बोलत असे. त्यावर तोडगा म्हणून १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं आयएसओ ८६१३ हे मानक प्रसिद्ध केलं; त्याला पुढं ‘ओपन डॉक्युमेंट आर्किटेक्चर’, म्हणजे ओडीए, असं नाव रूढ झालं.

ओडीएनं दस्तऐवजाच्या दोन रचना वेगळ्या ओळखल्या. एक अर्थाची : प्रकरण, परिच्छेद, तळटीप. दुसरी मांडणीची : पान, चौकट, ठोकळा. त्यावरून दस्तऐवज पाठवण्याचे तीन प्रकार ठरले : फक्त जसाच्या तसा पाहता-छापता येणारा, पुढं दुरुस्त करता येणारा, आणि दोन्ही करता येणारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाला संशोधकांचे प्रस्ताव कागदाऐवजी संगणकावरून मागवायचे होते. त्यासाठी चाललेल्या ‘एक्सप्रेस’ प्रकल्पात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी ओडीएला मध्यस्थ करून निरनिराळ्या संपादकांमध्ये दस्तऐवजांची देवघेव करून पाहिली.

या प्रयोगांतून चाचणीचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला, फाइल नियमांप्रमाणे आहे का? दुसरा, पाठवणाऱ्याला जे म्हणायचं होतं तेच घेणाऱ्याला मिळालं का? पहिली कसोटी उतरली म्हणून दुसरी उतरतेच असं नाही. सातबाऱ्याचा नमुना बिनचूक भरलेला असावा, शिक्काही असावा, पण गट नंबर शेजाऱ्याचा पडावा, तशातली गत. बाजारात ओडीए टिकलं नाही, पण हे दोन प्रश्न टिकले. पुढं २००६ मध्ये ओडीएफ हे खुलं मानक आयएसओ २६३०० म्हणून मान्य झालं, तरी जून २००९ मध्ये हेग शहरात निरनिराळ्या सॉफ्टवेअरचे कर्ते एकमेकांच्या फाइली उघडून पाहायला जमलेच.

आपल्याकडं प्रश्न आणखी एक पायरी खाली होता. इथं अक्षराचाच ठाव नव्हता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केलं, त्यातून देवनागरी संगणक तयार झाला आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो दाखवला गेला. पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावानं ते काम वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हे मानक आयएस १३१९४ म्हणून स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. या दोन्हींत अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात.

छपाईच्या दुकानांतला व्यवहार मात्र निराळा होता. तिथले फॉन्ट अक्षरांचे तुकडे साठवत. इंग्रजी अक्षरांच्या दोनशेच्या आसपास जागांवर काना, मात्रा, रफार, अर्धा श, अर्धा क्ष असे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कुठं हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. फॉन्ट गेला की मराठी गेलं. शिवाय तुकडे साठवायचे ते डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं. ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी सर्वांत आधी, ‘मूर्ती’मधला रफार सर्वांत शेवटी. युनिकोडमध्ये नेताना त्या वेलांटीला दोन व्यंजनं ओलांडून पुढं जावं लागतं आणि रफाराला ‘त’च्या मागं यावं लागतं.

मला जी रूपांतरं करणारी सॉफ्टवेअरं मिळाली, त्यांतल्या एकानं माझा मजकूर तासाभरात युनिकोडमध्ये आणून दिला. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. चाचणी वगैरे काही मनात आलं नाही. २०१६ मध्ये त्यावरून मी एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका आजोबांच्या आठवणीत वाक्य होतं, की सरहद्दीपलीकडं उमरखेडच्या केंद्रावर निरोप ‘आचार्यांनी’ नेला. हे आचार्य कोण, यावर मी दीड पान लिहिलं. राष्ट्रीय शाळेतले कुणी शिक्षक असावेत, असा तर्क केला. लोकांना तो आवडला. एका कार्यक्रमात वक्त्यांनी त्याचा उल्लेखही केला.

शंका आली ती भलत्याच ठिकाणी. पुस्तिकेत एक ओळ होती, ‘डोंगरातल्या दर्या’. हिंगोलीच्या डोंगरात दर्या, म्हणजे समुद्र, कुठून येणार? त्या असणार दऱ्या. मग मनात पाल चुकचुकली. नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या शेजारच्या मुलानं मूळ फाइलमधले अंक कसे पाहायचे ते दाखवलं, आणि मी रीतसर चाचणीला बसलो.

आधी अठ्ठेचाळीस शब्दांचं चाचणीपत्र केलं : स्थिती, मूर्ती, फिर्यादी, वर्षांनी, दऱ्या, दर्या, तऱ्हा, सुऱ्या, सूर्या. प्रत्येक शब्द फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेला, आणि तिथून परत फॉन्टमध्ये आणला. निघाला तसाच परत आला तर उत्तीर्ण. दऱ्या आणि दर्या मूळ फॉन्टमध्ये वेगळे होते. चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’ला स्वतंत्र तुकडा होता. सॉफ्टवेअरनं मात्र दोघांना एकाच संकेतावर नेलं, त्यामुळं परत येताना दोन्ही रफार लेवून आले. वास्तविक युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. ती मुळात द्राविडी भाषांतल्या एका ध्वनीसाठी ठेवलेली होती, आणि मराठीतल्या या अर्ध्या ‘र’ची सोय तिच्यातूनच होते. रूपांतर लिहिणाऱ्याच्या लक्षात मराठीची ही गरज आली नसावी. हिंदीला ती पडत नाही.

या उलटतपासणीलाही मर्यादा आहे, हे दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं शिकवलं. न ओळखलेले तुकडे ते तसेच ठेवून देई. परत आणल्यावर फाइल हुबेहूब, म्हणजे पैकीच्या पैकी गुण. मधला मजकूर मात्र वाचण्याजोगा नाही. म्हणून यंत्राच्या चाचणीनंतर माणसानं वाचून पाहणं चुकत नाही.

आता ते वाक्य. मूळ फाइलमध्ये त्या शब्दातला ‘र’ चंद्रकोरीचा होता : आचाऱ्यांनी. निरोप नेणारा गृहस्थ लग्नकार्यात स्वयंपाक करणारा आचारी होता. खुंटा पक्का करण्यासाठी मी कोष्टक पाहिलं. त्यात रकाने टॅब मारून पाडलेले होते, आणि एका माणसाच्या गावाची जागा रिकामी असल्यामुळं रूपांतरात तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकलं होतं. घरं जागेवर बसवल्यावर दिसलं, की त्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढं व्यवसाय लिहिला आहे : स्वयंपाक. मजकूर आणि कोष्टक एकमेकांचे साक्षीदार होते; दोघंही एकाच प्रवासात जखमी झाल्यामुळं माझी चूक झाकली गेली. नकाशे तेवढे मिळाले नाहीत. फाइलमध्ये ते कधी नव्हतेच, फक्त दुकानातल्या संगणकावरचा त्यांचा पत्ता होता.

कुणी विचारील, की तुम्ही स्वतः ऐकलं होतं, मग आठवलं कसं नाही? अठरा वर्षांनी माणूस छापील अक्षरावर विश्वास ठेवतो, स्वतःच्या कानावर नाही. आणि खरं सांगायचं तर ‘आचार्य’ माझ्या मनाला पटले. इतिहासात निरोप नेणारा शिक्षक शोभतो. कढई-झारा घेऊन गावोगाव जाणारा आचारी आपल्याला सुचत नाही. वास्तविक लग्नसराईत सरहद्द ओलांडणाऱ्या आचाऱ्यावर कोण संशय घेणार? यंत्रानं एक खूण पुसली, पण दीड पान मी लिहिलं.

हा प्रश्न माझ्या तीन फ्लॉपींपुरता नाही. मराठवाड्यातलं निजामकाळचं दप्तर, त्यातले खासरे आणि मुंतखब, उर्दूत आणि मोडीत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींच्या शोधासाठी नेमली गेली, तेव्हा ही कागदपत्रं वाचणाऱ्यांची गरज साऱ्या मराठवाड्याला जाणवली. आता त्यांची छायाचित्रं निघत आहेत. ओडीएच्या भाषेत हा दस्तऐवज फक्त पाहता येणारा. त्याचं देवनागरी मजकुरात रूपांतर होईल तेव्हा कुणाच्या तरी आडनावातला, गावातला एखादा ‘र’ असाच पुसला जाईल. म्हणून माझी विनंती एवढीच, की रूपांतर झालं तरी मूळ फाइल आणि मूळ छायाचित्र टाकू नये. माझा आचारी सापडला तो मूळ फाइल शिल्लक होती म्हणून.

२०१६ च्या पुस्तिकेतलं ते दीड पान मी इथं मागं घेतो. उमरखेडला निरोप नेला तो आचाऱ्यांनी.