घंटा वाजली, कोणी आले नाही

‘लिंगाओ छीमिंग’ या चिनी कालप्रवास कादंबरीतली पाचशेवर माणसे आजच्या काळातून थेट १६२८ सालात उतरतात. मिंग सम्राट चोंगझेनच्या राजवटीचे ते पहिलेच वर्ष. शेवटच्या वर्षाचा घटनाक्रम असा:

८ फेब्रुवारी १६४४. शिआनमध्ये बंडखोर ली झिचेंगने स्वतःची राजवट जाहीर केली. बीजिंगची फौज आदल्या वर्षीच्या साथीने खिळखिळी झाली होती. सैनिकांचे पगार थकले होते.

फेब्रुवारी–मार्च. सीमेवरचा सेनापती वू सानग्वी याला राजधानीत बोलवावे, असा प्रस्ताव आला. त्यासाठी त्याचे सीमेवरचे ठाणे निंगयुआन सोडावे लागणार होते. मुलूख घालवल्याचा ठपका कोण घेणार? मंत्र्यांनी निर्णय लांबवला. नानजिंगला हलण्याचा सल्लाही मिळाला. सम्राट हलला नाही.

एप्रिलचा पूर्वार्ध. अखेर वूला हुकूम गेला. सीमेवरची रयत बरोबर घेतल्याने त्याची फौज सावकाश सरकत होती. खजिन्यात खडखडाट. सम्राटाने सरदारांकडे मदत मागितली. सासऱ्यानेही हात आखडता घेतला.

२१ एप्रिल. बीजिंगच्या वाटेवरच्या जुयोंग खिंडीचा रक्षक न लढता लीला शरण गेला.

२३ एप्रिल. राजधानीला वेढा पडला.

२४ एप्रिल, दुपारी ३ ते ५. बाहेरचे शहर पडले.

रात्र. राजवाड्यामागच्या टेकडीवरून सम्राटाने आगी पाहिल्या. परतून राजपुत्रांना साध्या कपड्यांत बाहेर पाठवले. सम्राज्ञीने गळफास घेतला. राजकन्येवर त्याने स्वतः तलवार चालवली. तिचा डावा हात तुटला; ती जगली.

मध्यरात्रीनंतर. वेषांतर करून तो निघाला. वेशीवरचा दरवाजा उघडला नाही.

२५ एप्रिल, पहाट. दरबाराची घंटा वाजवली. एकही अधिकारी आला नाही.

उजाडण्यापूर्वी. त्याच टेकडीवर ३३ वर्षांच्या सम्राटाने गळफास घेतला. सोबत वांग छंगएन हा एकच सेवक होता. सम्राटाचे केस चेहऱ्यावर सोडलेले, डावा पाय अनवाणी. प्रजेला इजा करू नका, अशी विनंती अंगरख्यावर लिहिलेली.

दुपारी १२. नमद्याची टोपी घातलेला ली झिचेंग घोड्यावरून राजवाड्यात शिरला. वू अजून वाटेतच होता.

६ जून. सीमेपलीकडची मांचू फौज बीजिंगमध्ये आली. तिला सीमेवर वाट मोकळी करून देणारा वू सानग्वीच होता.

शेवटच्या रात्री कोणी कालप्रवासी बीजिंगमध्ये उतरला असता, तरी त्याच्या हाती काही उरले नव्हते. वाचवण्याची वेळ फेब्रुवारी–मार्चमध्येच, ठपक्याच्या भीतीने निघून गेली होती.