मनसब आणि ‘प्लॅटिनम’ कार्ड : शहाजीराजांचा हिशेब

१/ विमान कंपनीची ‘गोल्ड’ किंवा ‘प्लॅटिनम’ श्रेणी मिळवण्यासाठी पैसा आणि निष्ठा खर्च करावी काय? चारशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाही मुलखातील सरदारांपुढे असाच प्रश्न उभा होता. तेव्हाच्या श्रेणीचे नाव होते मनसब. 🧵

२/ अकबराने रूढ केलेल्या मनसबदारीत प्रत्येक अंमलदाराला आकड्यांत दर्जा मिळे. ‘जात’ या आकड्यावर वैयक्तिक वेतन आणि दरबारातील स्थान ठरे. ‘स्वार’ या आकड्यावर पदरी बाळगायचे घोडदळ. म्हणजे मान वाढला की खर्चही वाढे. दर्जा टिकवायचा तर घोडी आणि माणसे पोसावीच लागत.

३/ वेतन बहुधा रोख नसे; तेवढ्या उत्पन्नाची जागीर नेमून दिली जाई. खरी मेख इथेच होती. कागदावरचा अंदाज म्हणजे ‘जमा’, प्रत्यक्ष वसूल म्हणजे ‘हासिल’. १६५० च्या दशकाच्या आरंभी मुघल दख्खनची जमा ३ कोटी ६२ लाख रुपये होती आणि वसूल सुमारे १ कोटी! पंचहजारी हा आकडा तोच राही, त्याचे मोल मात्र घटे.

४/ आता शहाजीराजे. १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडीच्या लढाईत ते मलिक अंबरच्या बाजूने मुघल व आदिलशाही फौजांविरुद्ध लढले. १६२६ मध्ये अंबर वारला. १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव दौलताबादेत, निजामशाहाच्याच दरबारात मारले गेले. जिथे निष्ठा वाहिली, तिथे जिवाचीही शाश्वती उरली नाही.

५/ १६३० मध्ये शहाजीराजे मुघलांना मिळाले. शाहजहानने स्वागत थाटात केले : ५,००० जात व ५,००० स्वारांची मनसब, खिलत आणि २ लाख रुपये. नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी वरची श्रेणी!

६/ पुढे अंबरचा मुलगा फतहखान याने निजामशाहाला ठार करून एका बालकास गादीवर बसवले आणि शाहजहानचे स्वामित्व मान्य केले. त्याला राजी राखणे मुघलांना त्या घडीला अधिक निकडीचे वाटले. म्हणून १६३२ मध्ये त्याचे जे परगणे शहाजीराजांना दिले होते, ते काढून त्याला परत देण्यात आले. मुघल दरबारी इतिहासातही शहाजीराजांच्या नाराजीचे हेच कारण नोंदले आहे.

७/ जागीर गेल्यावर शहाजीराजे केवळ मनसबीला कवटाळून बसले नाहीत. मुघलांची बाजू सोडून त्यांनी १६३३ मध्ये संगमनेरजवळील पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही वंशातील बालकाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. किंमत मोठी होती : १६३६ मध्ये माहुलीला शरणागती, निजामशाहीचा अंत आणि विजापूरची चाकरी. पण फतहखानाची मर्जीही वर्षभरच टिकली. १६३३ मध्ये मुघलांनीच दौलताबाद त्याच्याकडून घेतले.

८/ आता विमानांकडे वळू. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ योजना सुरू केली आणि इतर कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. मैल प्रवासी साठवतो. त्या मैलांत कोणते आसन मिळेल, हे कंपनी ठरवते. जमा आणि हासिल यांचाच हा खेळ. आणि देणाराच बुडाला तर? १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. प्लॅटिनम कार्ड खिशात होते. त्याचा मान राखणारे विमान मात्र उरले नव्हते.

९/ मग श्रेणी निरर्थक आहे काय? नाही. कामानिमित्त ज्याला एकाच कंपनीने वारंवार जावेच लागते, त्याला जादा सामान, लाउंज आणि रांगेतील अग्रक्रम हे खरे हासिल आहे. मात्र वर्षाअखेरीस श्रेणी टिकावी म्हणून विनाकारण तिकीट काढणे म्हणजे वसूल नसलेल्या जागिरीवर घोडी पोसणे होय.

१०/ मनसब ही मालमत्ता नव्हती. ती देणाऱ्याची त्या घडीची गरज होती. गरज बदलली की परगणे बदलत. शहाजीराजांनी दर्जा घेताना संकोच केला नाही आणि सोडतानाही नाही. कार्डावरचा रंग पाहताना एवढाच प्रश्न विचारावा : यातले हासिल किती?