न दिसणारी सोंगटी

बुद्धिबळांचा डाव मांडून बसलेल्या दोन माणसांकडे क्षणभर पाहा. दोघांचींही सर्व मोहरीं पटावर उघडीं असतात. घोडा कोठें उभा आहे, वजिराची वाट कोठें मोकळी आहे, हें दोघांनाही सारखेंच दिसतें. फसगत झालीच तर ती खेळणाराच्या बुद्धीची असते, पटाची नव्हे. आतां अशी कल्पना करा कीं, पटावरील एक सोंगटी अंधारांत दडलेली आहे. ती तेथें आहे हें तिच्या धन्याला ठाऊक आहे, प्रतिपक्षाला नाहीं. पण ती खरोखरच तेथें होती, कीं धन्यानें आपल्या सोयीसाठीं ती मागाहून तेथें आणून ठेवली, हें ठरवावयाचें कोणीं? श्रोतेहो, प्रश्न पोरकट वाटेल. परंतु गेलीं दोनशें वर्षें सेनाधिकाऱ्यांनीं आणि खेळाडूंनीं त्यावर आपली बुद्धि वेचली आहे.

या कथेचा आरंभ प्रशियांत होतो. ब्रेस्लौ येथील राइस्विट्झ नांवाच्या सरदारानें १८१२ सालीं युद्धाचा एक खेळ तयार करून राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास नजर केला. पुढें त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत अधिकारी होता, तो खेळ सुधारून १८२४ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध केले. या खेळांत एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा असे आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसे. खेळाडूंनीं आपले हुकूम लिहून पंचाच्या हातीं द्यावयाचे, आणि शत्रूला जें सैन्य खरोखर दिसूं शकेल तेवढेंच पंचानें नकाशावर मांडावयाचें, अशी रीत होती. टेकडीआडची पलटण पंचाच्या मनांत असे, नकाशावर नसे. यामागील हेतु उघड आहे. रणांगणावर सेनापतीचा घात बहुधा त्याला न दिसलेल्या गोष्टीच करतात. तेव्हां ज्या खेळांत सर्वच दिसतें, तो खेळ त्याला काय शिकविणार?

परंतु पंचाच्या मागें कोष्टकांचें आणि फांशांचें लचांड फार होतें. तें कंटाळवाणें वाटून १८७६ सालीं जनरल व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यानें सुचविलें कीं, अनुभवी पंचानें स्वतःच्या बुद्धीनेंच निकाल द्यावा. येथून दोन वाटा फुटल्या. एक वाट नियमांची, दुसरी विश्वासाची. आपली पुढची सर्व कथा या दोन वाटांमधील येरझारांचीच आहे. १८९९ सालीं हेन्री टेंपल या इंग्रज गृहस्थानें बुद्धिबळांतही हीच युक्ति आणली. दोन खेळाडूंचे दोन पट वेगळे. पंचाचा तिसरा पट तेवढा खरा. आणि प्रतिपक्षाचीं मोहरीं कोणालाच दिसत नाहींत!

यानंतर आपणांस अमेरिकेंत जावें लागतें. तेथील टॉटन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८८० सालीं याच धर्तीचें एक पुस्तक लिहिलें होतें. तें मिनेसोटांतील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हातीं पडलें, आणि १९६९ सालीं त्यानें आपल्या मित्रांना एक नवाच खेळ खेळविला. प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजीं एकेका माणसाची भूमिका मिळाली व आपापला गुप्त हेतु मिळाला. या मंडळींतील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स या दोघांनीं मिळून १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. भुयारें, राक्षस, मंत्र आणि खजिने यांच्या त्या काल्पनिक जगांत पंच मात्र तोच जुना होता.

या खेळांत अदृश्य होण्याचा मंत्र प्रथमपासूनच आहे. पण त्याला एक अट आहे. अदृश्य पुरुषानें कोणावर शस्त्र उगारलें कीं त्याचें अदृश्यत्व संपतें. आपल्याला येथें मेघनादाची आठवण होते. तो ढगांआड राहून बाण सोडी आणि रामलक्ष्मणांना तो कोठें आहे हेंच कळेना. काव्यांत हें शोभतें. पण खेळांत एका मेघनादापुढें इतर सर्वांचा खेळच संपेल. म्हणून लपण्याला मोकळीक आहे, पण लपून मारण्याला किंमत द्यावी लागते. शिवाय अदृश्य म्हणजे अस्तित्वहीन नव्हे. पावलांचा आवाज होतो, धुळींत ठसे उमटतात. १९७८ च्या नियमांप्रमाणें अदृश्यावर वार करणाराच्या फांशांतून चार वजा होत. २००० सालच्या नियमांत तर अशा माणसावर नेमका बसलेला घावही निम्म्या वेळां वायां जाई.

खरा पेंच मंत्राचा नव्हता; तो साध्या लपण्याचा होता. पहिल्या नियमांत चोर नांवाचें पात्रच नव्हतें. कोणीही म्हणावें, ‘मी खांबाआड दडतों,’ आणि पंचानें प्रसंग पाहून निकाल द्यावा. १९७५ च्या पुरवणींत चोर आला, आणि त्याच्याबरोबर शेंकडेवारी आली. नवशिक्या चोराला छायेंत लपण्याची संधि शंभरांत दहा! परिणाम मोठा चमत्कारिक झाला. चोराला लपण्याचा हक्क मिळाला, तेव्हां इतरांना वाटूं लागलें कीं, आपणांस तो नाहीं. काल सर्वांना करतां येणारी गोष्ट नियमानें आज एकाची मिरास झाली; आणि ज्याची ती मिरास, तोही दहांतून नऊ वेळां फसूं लागला. एखादें कलम जोडतांना आपण काय दिलें एवढेंच पाहतों, काय काढून घेतलें हें पाहात नाहीं. हा धडा या खेळापुरता नाहीं.

पुढील इतिहास हा तोल सांवरण्याचा आहे. २००० सालीं शेंकडेवारी जाऊन सामना आला. लपणारानें वीस बाजूंचा फांसा टाकावा, पाहणारानेंही टाकावा, आणि ज्याची बेरीज अधिक तो जिंकला. तेव्हां दडणें आणि दबक्या पावलांनीं चालणें या दोन विद्या होत्या. २००८ सालीं त्यांची एक झाली. २०१४ च्या नियमांत पाहणाराची सावधगिरी हा बहुधा ठरलेला आंकडा धरला आहे. कारण पंचानें पहारेकऱ्याचा फांसा टाकला कीं कोणीतरी दबा धरून बसला आहे हें खेळाडू त्या आवाजावरूनच ओळखीत! २०२४ सालीं तर लपण्यांत यशस्वी झालेला मनुष्य नियमाच्या भाषेंत ‘अदृश्य’च होतो. त्यासाठीं बेरीज निदान पंधरा व्हावी लागते. पण तोच मनुष्य आडोसा सोडून भर उजेडांत चालत आला तर? शब्दाप्रमाणें तो अदृश्य, डोळ्यांप्रमाणें उघडा. यावर खेळाडूंत वाद माजले, आणि प्रत्येक वादाच्या शेवटीं सर्वांची नजर पंचाकडेच वळते.

दोनशें वर्षांत नियम अनेकदां बदलले, पण पंचाची खुर्ची रिकामी झाली नाहीं. जें सर्वांना दिसतें त्यासाठीं नियम पुरतो. जें एकालाच ठाऊक आहे, त्यासाठीं ज्याच्या शब्दावर दोन्ही पक्षांचा भरंवसा आहे असा एक मनुष्य लागतो. १९८१ च्या पुस्तकांत चोराच्या चालण्याविषयीं एक मार्मिक सूचना आहे. त्याचा फांसा पंचानें टाकावा. चोराला मात्र आपण निःशब्दच चाललों आहों असें वाटत राहील. आपली चाहूल दुसऱ्याला लागली कीं नाहीं, हें चालणाराला स्वतःला कधींच कळत नाहीं. तें सांगणारा प्रामाणिक असावा, एवढीच अपेक्षा खेळणारानें करावयाची असते.