मनगटावरचा आकडा

पुरानी बस्तीत महामाया मंदिराकडे मी रोज पहाटे चालायला जातो. परवा मनगटावरच्या घड्याळाने सांगितलं, तुमची 'व्हीओटू मॅक्स' वाढली. छाती फुगली! मग आठवलं, महिन्यापूर्वीच रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी सुरू झालीय.

या आकड्याचा इतिहास गमतीचा आहे. 1923 मध्ये ब्रिटनच्या ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी धावणाऱ्याच्या पाठीला पिशवी बांधून उच्छ्वास गोळा केला आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजलं. 1968 साली अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी पिशवीच काढून टाकली. बारा मिनिटं पळा, अंतर सांगा. 2400 मीटर झाले, तर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 42 मिलिलिटर. फौजेत आम्हीही 2.4 किलोमीटर पळायचो, उस्तादांच्या शिट्टीवर.

घड्याळ ऑक्सिजन मोजतच नाही. हिरव्या प्रकाशाने नाडी बघतं, उपग्रहावरून वेग. वेग तोच आणि नाडी कमी, म्हणजे क्षमता जास्त, असा त्याचा हिशेब. माझी नाडी गोळीने उतरवली होती. बढती तिला मिळायला हवी.

गोळी चालू आहे. मंदिर ते बूढा तालाब किती मिनिटं लागली, ते हल्ली वहीत लिहितो.