श्रुतींची पेटी: गळाही बडोद्याचा, निकालही बडोद्याचा

एकच नग म्हणून घडवलेल्या वाद्याला विश्वकोशात स्वतंत्र नोंद द्यावी का, हा प्रश्न हल्ली प्रयोगशील इलेक्ट्रिक गिटारींच्या निमित्तानं निघतो. कुणी जादा तारा चढवतं, कुणी पडदे सरकवून बसवतं, आणि संपादकाला ठरवावं लागतं की हे नवं वाद्य आहे की एका माणसाची लहर. मांडवीपासून समा-सावली रस्त्यापर्यंत पसरलेल्या बडोद्याच्या मराठी वस्तीला हा प्रश्न सोडवायला गिटारीपर्यंत जायची गरज नाही. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. तिच्यापुढे मुद्दाम घडवून घेतलेलं एक वाद्य परीक्षेला आलं आणि नापास झालं. त्याचं नाव श्रुती-हार्मोनियम. त्याला स्वतंत्र नोंद मिळायला हवी, आणि नापास झालं म्हणून तर नक्कीच मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

हार्मोनियमचं मूळ घराणं सर्वांच्या परिचयाचं आहे: पॅरिसच्या दबेँचं १८४२चं पेटंट, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांची हातपेटी, मराठी संगीत नाटकांची पायपेटी, आणि पुढे १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं घातलेली बंदी. पण पेटीशी खरं भांडण होतं ते गांधाराचं. षड्जाची आंदोलनं सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गांधार ३०० वर येतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असल्यामुळे तिचा गांधार ३०२.४ वर बसतो. अडीच आंदोलनांचा फरक तो काय, असं वाटेल. पण नीट जवारी काढलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतूनच वर एक स्वयंभू गांधार उमटत असतो, १२०० आंदोलनांचा. पेटीच्या गांधाराचा त्याच उंचीवरचा अंश पडतो जवळजवळ १२१० वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला नऊ-दहा लाटा उठतात आणि सूर थरथरू लागतो. कानाला खुपतं ते हे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हे खुपणं मोजायला घेतलं. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. सिव्हिल सर्व्हिसमधले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि लंडनच्या मूर यांच्याकडून बारांऐवजी श्रुतींचे सूर असलेली पेटी तयार करून घेतली गेली.

ही पेटी कुणाची लेक, यावर तीन दावे आहेत. पहिला ग्रंथांचा. भरतानं दोन सारख्या वीणा घेऊन एक अचल ठेवली आणि दुसरी पायरीपायरीनं उतरवत बावीस श्रुती दाखवल्या. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून शार्ङ्गदेवानं वीणेवर चक्क बावीस तारा कल्पिल्या, प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित चढी. महाराष्ट्राच्या भूमीवरचा हा पूर्वज कुणालाही मोहात पाडेल. पण दोघांपैकी एकानंही अपूर्णांक दिलेला नाही. गांधार षड्जाच्या सव्वापट, हे वाक्य नाट्यशास्त्रात नाही आणि संगीतरत्नाकरातही नाही. दुसरा दावा युरोपचा. हेल्महोल्ट्झचा स्वरविचार एलिसनं १८७५ मध्ये इंग्रजीत आणला, आणि त्याच दशकात बोझँकेटनं सप्तकाचे ५३ भाग करणारी हार्मोनियम बनवली. ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. अपूर्णांकांची भाषा तिकडून आली, हे मला मान्य आहे.

मात्र कोणत्या रागात कोणता अपूर्णांक गायचा, हे हेल्महोल्ट्झ सांगू शकत नव्हता. त्यासाठी गळा हवा होता, आणि तो होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. ते गायचे आणि देवल तारेची लांबी मोजून त्या स्वराचं माप काढायचे. हा तिसरा दावा, आणि माझा कौल त्यालाच आहे. खाँसाहेब १८९०च्या दशकात बडोदे दरबारचे गवई होते. तिथल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्यासह त्यांनी बडोदं सोडलं आणि पुढे मिरज हे त्यांचं घर झालं. गळा किराण्याचा, त्यात बडोद्याचं काय, असं कुणी म्हणेल. घराणं किराण्याचंच. पण बडोद्याची ती घटना घडली नसती, तर मिरजेत बिऱ्हाड पडलं नसतं, आणि दहा किलोमीटरवरच्या सांगलीत बसलेल्या देवलांना हा गळा सापडला नसता. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत स्वयंभू गांधाराकडे कान आणखी ओढला गेला असणार, असा माझा तर्क आहे. या नात्याची खूण आडनावात टिकून आहे: खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई जन्मल्या मिरजेत, पण साऱ्या महाराष्ट्रानं त्यांना बडोदेकर म्हणून ओळखलं.

खरा घोळ मात्र ‘श्रुती’ या शब्दातच आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. ऐकून वेगळी कळते ती श्रुती. भरत म्हणतो, षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन. इथे श्रुती म्हणजे अंतर मोजण्याचं माप, वाटेतलं पाऊल. शार्ङ्गदेवाच्या बावीस तारांपाशी आलं की तीच श्रुती एक ठिकाण होते, जिथे तार बांधता येते. देवलांनी ही दुसरी श्रुती उचलली, आणि पेटी करायची तर उचलणं भागच होतं, कारण पावलाची पट्टी करता येत नाही, ठिकाणाचीच करता येते. भातखंड्यांचा आक्षेप नेमका इथे होता. त्यांच्या पद्धतीचा पाया बारा स्वरांचा. त्यापुढची सूक्ष्मता रागाप्रमाणे हलते, आरोहात एक आणि अवरोहात दुसरी, तिला खुंटीला बांधू नये. बडोद्याच्या परिषदेत पेटीचे सूर गवयांच्या गळ्याशी ताडून पाहिले गेले आणि जुळत नाहीत असं ठरलं. माझ्या मते त्या दिवशी पेटी हरली नाही, शब्दाचा एक अर्थ हरला. म्हणूनच ‘हार्मोनियम’च्या नोंदीत तिला एक ओळ देऊन भागत नाही. तिचं खरं ठिकाण स्वरशास्त्राच्या वादात आहे.

एकट्या नगाला नोंद कशी, या आक्षेपाचं उत्तर गिटारीनंच दिलेलं आहे. १९४०च्या सुमारास लेस पॉलनं एपिफोनच्या कारखान्यात चार इंच जाडीच्या पाइनच्या चौकोनी खांडावर तारा ताणल्या आणि दिसायला बरं म्हणून दोन बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे भाग जोडले. गिब्सन कंपनीनं ते आधी झिडकारलं. १९५२ मध्ये त्याच कंपनीनं त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली. तो ओंडका एकच होता, तरी त्याला वगळून इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास लिहिता येत नाही. श्रुतींच्या पेटीला असा बाजार मिळाला नाही, हे खरं. पण विद्याधर ओकांनी अलीकडे बावीस श्रुतींची पेटी पुन्हा उभी केली, आणि तिच्यावरच्या चर्चेत देवलांचाच प्रश्न परत येतो. मग घरोघरच्या गिटारींची भरताड होईल, ही भीतीही मला खोटी वाटते. वाद्याबद्दल त्याच्या कर्त्याखेरीज इतरांनी, विशेषतः विरोधकांनी, काही लिहिलं आहे का, आणि त्या वाद्यामुळे कुणाला आपलं मत मांडावं किंवा बदलावं लागलं का, एवढं विचारावं. बहुतेक हौशी गिटारी या चाळणीतून खाली पडतील. लेस पॉलचा ओंडका पडत नाही, आणि ज्या पेटीशी साक्षात भातखंडे भांडले, तीही पडत नाही.

तेव्हा विश्वकोशाच्या संपादकांनी ‘श्रुती-हार्मोनियम’ असं शीर्षक देऊन देवल, क्लेमंट्स, मूर आणि अब्दुल करीम खाँ ही चारही नावं एका नोंदीत आणावीत, आणि बडोदे १९१६ हा निकालही त्यात लिहावा. बडोद्याच्या वाचकांनाही एक विनंती आहे. घरच्या माळ्यावर आजोबांची जुनी पेटी असेल, तर भाता भरून एका सप्तकातले सूर मोजून पाहा. बारांहून जास्त भरले, तर ती पेटी भंगारात देऊ नका. सूरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात नेऊन दाखवा.